इम्प्लांटनंतर व्हॅक्यूमचे यंत्र: विचारण्यापासून वापरण्यापर्यंत

स्तनांत इम्प्लांट बसवलेले असताना आकार वाढवण्यासाठी बाहेरून व्हॅक्यूमचे कप लावले तर चालतात का, हा प्रश्न अनेकजणी मनातच ठेवतात आणि डॉक्टरांऐवजी यंत्राच्या जाहिरातीला विचारतात. जाहिरातीचे उत्तर अर्थातच ‘चालतात’ असे असते. मी हा प्रश्न २०२२ मध्ये विचारायला सुरुवात केली आणि यंत्र प्रत्यक्ष अंगावर चढवले ते २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये, तेही इम्प्लांट काढून टाकल्यानंतर. मधल्या काळात ज्या तपासण्या, कागदपत्रे, नकार आणि वाट पाहणे वाट्याला आले, त्यांची नोंद येथे क्रमाने करते आहे. मी डॉक्टर नाही. मला जे सांगितले गेले ते जसे समजले तसे लिहिले आहे. प्रत्येकीची छाती, इम्प्लांट आणि आधीची शस्त्रक्रिया वेगळी असते, एवढे वाचताना ध्यानात असू द्यावे.

माझी पहिली, म्हणजे इम्प्लांट बसवण्याची, शस्त्रक्रिया २०१४ मधली. पुढची बरीच वर्षे काहीही तक्रार नव्हती. २०२१ च्या सुमारास डावा स्तन हळूहळू कडक होऊ लागला आणि थोडा वर सरकल्यासारखा दिसू लागला. उजवीकडे पुढे वाकल्यावर वरच्या कडेला त्वचेखाली लाटांसारख्या सुरकुत्या उमटत. दोन्ही बाजूंमधला फरक ब्लाउजमधून जाणवण्याइतका झाला, तेव्हा मनात आले की वरच्या बाजूला थोडे मांस वाढले, निदान इम्प्लांटवरचे आवरण जरा जाड झाले, तर सुरकुत्याही झाकल्या जातील आणि पुन्हा भूल घ्यावी लागणार नाही. व्हॅक्यूमच्या यंत्रांची माहिती मला याच सुमारास मिळाली. बाजारात दोन प्रकार दिसतात. एकात हाताने दाबायचा पंप आणि दोन प्लास्टिकचे कप असतात, आणि दाब किती पडतो आहे हे दाखवणारा काटा बहुधा नसतो. दुसऱ्यात कडक घुमट, त्यांना मऊ सिलिकॉन जेलची कड आणि ठरावीक कमी दाब टिकवून ठेवणारा छोटा पंप असतो, आणि तो तासन्‌तास घालून बसायचा असतो. पहिला प्रकार स्वस्त असतो आणि सहज मिळतो; दुसरा महाग, आणि तो साधारणपणे प्लास्टिक सर्जनच्या सांगण्यावरून घेतला जातो. दोघांनाही लोक एकाच नावाने ओळखतात, आणि निम्मा गोंधळ तिथेच होतो.

२०२२ च्या मध्यावर मी एका प्लास्टिक सर्जन बाईंची वेळ घेतली. हे असले विचारायला लाज वाटते, म्हणून मी प्रश्न एका कागदावर लिहून नेले होते आणि तो कागदच त्यांच्यापुढे ठेवला. कोणाला संकोच वाटत असेल तर ही युक्ती जरूर करावी. डॉक्टर कागद वाचतात तेवढ्यात आपला श्वास जागेवर येतो. त्यांनी यंत्राबद्दल चकार शब्द न काढता आधी मलाच विचारले: “इम्प्लांट ग्रंथीच्या मागे आहे की स्नायूच्या मागे? पृष्ठभाग गुळगुळीत की खरखरीत? कार्ड आणलं आहे?” मी गप्प. इम्प्लांटसोबत रुग्णाला एक कार्ड मिळते, त्यावर कंपनी, मॉडेल, आकारमान, लॉट क्रमांक आणि सीरियल क्रमांक असतात. माझे कार्ड सापडत नव्हते, आणि ज्या दवाखान्यात शस्त्रक्रिया झाली तो मधल्या काळात बंद झाला होता.

त्या म्हणाल्या, “तुमच्या आत नेमकं काय आहे ते कळल्याशिवाय बाहेरून काय लावायचं यावर मी बोलणार नाही.” पहिल्या भेटीची फी देऊन मी रिकाम्या हाताने परतले असे तेव्हा वाटले खरे, पण पुढच्या सगळ्या गोष्टी त्या एका वाक्यामुळे मार्गी लागल्या.

जुने रेकॉर्ड मिळवणे हे एक स्वतंत्र प्रकरण असते. बंद झालेल्या दवाखान्याची कागदपत्रे दुसऱ्या एका रुग्णालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये गेली आहेत असे कळले. तिथे लेखी अर्ज, ओळखपत्राची प्रत, शस्त्रक्रियेची अंदाजे तारीख आणि त्या वेळचे पूर्ण नाव द्यावे लागले. लग्नानंतर आडनाव बदलले असेल तर दोन्ही नावे लिहावीत आणि नाव बदलल्याचा पुरावा जोडावा. नाहीतर ‘या नावाचा पेपर नाही’ एवढेच उत्तर मिळते. अर्जात नुसते ‘माझी फाइल द्या’ असे लिहू नये. ‘ऑपरेशन नोट’, ‘इम्प्लांटचे स्टिकर लावलेले पान’ आणि ‘डिस्चार्ज सारांश’ अशी तीन नावे स्वतंत्रपणे लिहावीत, कारण स्टिकरचे पान बहुधा वेगळे लावलेले असते आणि फोटोकॉपी काढणारा ते सोडून देतो. काही आठवड्यांनी कागद हाती आले. सिलिकॉन जेलचे, गुळगुळीत पृष्ठभागाचे, प्रत्येकी २७५ मिलीचे इम्प्लांट स्तनग्रंथीच्या मागे आणि छातीच्या स्नायूच्या पुढे बसवले होते, म्हणजे त्यांच्यावर त्वचा, थोडी चरबी आणि ग्रंथी यांपलीकडे आच्छादन नव्हते.

पृष्ठभाग कसला आहे याला एवढे महत्त्व का, हेही तेव्हाच समजले. काही खरखरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटभोवती एक दुर्मीळ लिम्फोमा, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींचा कर्करोग, होऊ शकतो, आणि त्याची नेहमीची पहिली खूण म्हणजे शस्त्रक्रियेनंतर कित्येक वर्षांनी एका बाजूला अचानक पाणी साचून येणारी सूज. याच कारणाने जुलै २०१९ मध्ये अॅलर्गन कंपनीने बायोसेल नावाच्या खरखरीत पृष्ठभागाची इम्प्लांट जगभरातून परत मागवली. आता विचार करा, एखादीने अशा छातीवर व्हॅक्यूम लावला आणि सूज आली, तर ती सूज यंत्राची आहे असे समजून ती आनंदाने आरशात पाहत राहील आणि जी तपासणी त्याच आठवड्यात व्हायला हवी ती राहून जाईल.

कागद मिळाल्यावर सोनोग्राफी आणि एमआरआय झाले. सिलिकॉनचे इम्प्लांट आत फाटले तर बाहेरून कळतेच असे नाही, म्हणून औषधे आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या अमेरिकेच्या एफडीए या सरकारी संस्थेने शस्त्रक्रियेनंतर पाच-सहा वर्षांनी पहिली आणि त्यानंतर दर दोन-तीन वर्षांनी अशी सोनोग्राफी किंवा एमआरआय करून घेण्याचा सल्ला दिला आहे. एमआरआयमध्ये पालथे झोपवून स्तन दोन पोकळ खाचांमध्ये मोकळे सोडतात. आवाज मोठा असतो, आणि कडक झालेल्या बाजूवर पालथे पडणे त्रासदायक होते. तसे आधीच सांगितले तर तंत्रज्ञ कडेला मऊ घडी ठेवतात. या एका तपासणीचा खर्च आतापर्यंतच्या सगळ्या भेटींच्या फीपेक्षा जास्त होता. अहवालात इम्प्लांट फाटलेले नव्हते, पण डावीकडच्या इम्प्लांटभोवतीचे वेष्टन जाड झाले होते.

त्या अहवालावर डॉक्टरांनी जे सांगितले ते सविस्तर लिहिते, कारण मला हवे असलेले उत्तर इतक्या उघडपणे दुसरीकडे कुठेच मिळाले नव्हते.

शरीर इम्प्लांटभोवती व्रणाच्या ऊतीचे एक वेष्टन तयार करते. त्यालाच कॅप्सूल म्हणतात, आणि ते प्रत्येकीत तयार होते. काहींमध्ये ते आकसते आणि इम्प्लांटला चहूबाजूंनी दाबू लागते. या कडकपणाच्या बेकर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चार श्रेणी आहेत: पहिलीत स्तन मऊ असतो, दुसरीत थोडा घट्ट पण दिसायला ठीक असतो, तिसरीत कडक असतो आणि आकार बिघडलेला दिसतो, चौथीत त्याबरोबर वेदनाही असते. माझी डावी बाजू तिसऱ्या श्रेणीत होती. व्हॅक्यूमने हे वेष्टन सैल होईल अशी माझी आशा होती. डॉक्टरांचे म्हणणे असे की कप त्वचा आणि तिच्याखालची ऊती ओढतो, इम्प्लांटला नव्हे. इम्प्लांट हे बंद कवच आहे, त्याचे २७५ मिली बाहेरच्या ओढीने २८० होत नाहीत. कप काढल्यावर जे भरलेले दिसते ते ऊतींमध्ये ओढून आणलेले पाणी असते आणि ते काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत, ओसरते.

बरे, ते ओसरते म्हणून निरुपद्रवी मानावे, तर तेही नाही. ज्यांचे आच्छादन पातळ आहे त्यांच्यात ती ओढ थेट वेष्टनापर्यंत पोहोचू शकते. तिथली एखादी बारीक रक्तवाहिनी तुटली तर रक्त इम्प्लांटच्या खणात, म्हणजे ते ज्या पोकळीत बसवलेले असते तिथे, साचते, आणि इम्प्लांटभोवती साचलेले रक्त हे पुढे वेष्टन आकसण्याचे एक कारण मानले जाते. म्हणजे ज्या कडकपणावर उपाय म्हणून यंत्र घ्यावे, त्याच कडकपणाला खतपाणी घातले जाण्याची शक्यता. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. शिवाय नव्याने शस्त्रक्रिया झालेली असेल तर खण अजून घट्ट धरलेला नसतो. इम्प्लांट खाली किंवा मध्याकडे सरकू शकते, जखम ताणली जाऊ शकते, पाणी साचू शकते. “कितीही दिवस झाले असले तरी इम्प्लांट आत असताना मी हे यंत्र लिहून देत नाही,” असे त्यांनी स्पष्ट सांगितले. मी दुसऱ्या एका सर्जनचेही मत घेतले. त्यांचा सूर सौम्य होता, पण उत्तर तेच होते.

मग ज्या अभ्यासांचा हवाला जाहिराती देतात ते कोणते, हेही मी विचारले. या प्रकारच्या यंत्राचा मूळ अभ्यास अमेरिकेतले प्लास्टिक सर्जन डॉ. रॉजर खौरी आणि सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केला. त्यात १७ निरोगी स्त्रियांनी भाग घेतला आणि १२ जणींनी तो पूर्ण केला. रोज १० ते १२ तास, सलग १० आठवडे त्यांनी घुमट घातले. यंत्र थांबवताना आकारात सरासरी ९८ टक्के वाढ मोजली गेली, त्यातली बरीचशी पहिल्याच आठवड्यात ओसरली, आणि टिकलेली वाढ सरासरी ५५ टक्के होती. जाहिराती यातला पहिला आकडा उचलतात. रोजचे दहा तास आणि मध्येच सोडून गेलेल्या स्त्रिया त्यांच्या मजकुरात येत नाहीत. आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्या शस्त्रक्रियेशिवाय आकार वाढवू पाहणाऱ्या स्त्रिया होत्या. इम्प्लांट बसवलेल्यांवरचा तो अभ्यासच नव्हता.

याच यंत्राचा दुसरा, मला नवा असलेला उपयोग त्या भेटीत समजला. पोट किंवा मांड्यांमधली चरबी काढून ती स्तनात बारीक थेंबांच्या रूपात सोडण्याची शस्त्रक्रिया असते. सोडलेल्या चरबीला सुरुवातीला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, त्यामुळे थेंब जिवंत ऊतीच्या अगदी जवळ पडला तरच जगतो. जागा नसताना कोंबलेली चरबी मरते आणि तिथे तेलाच्या गाठी होतात. शस्त्रक्रियेच्या आधी काही आठवडे व्हॅक्यूमने ऊती ताणून ठेवली तर थेंबांना जागा मिळते. खौरी यांच्याच २०१२ मधल्या, ८१ स्त्रियांवरच्या आणि सहा वर्षे चाललेल्या अभ्यासात याच क्रमाने, आधी रोज १० तास असे चार आठवडे यंत्र आणि मग चरबी, असे उपचार केले होते. म्हणजे इथे यंत्राचे काम स्तन वाढवणे हे नव्हे. ते पेरणीआधीची नांगरट करते. डॉक्टरांनी माझ्यापुढे ठेवलेला मार्ग असा: डाव्या बाजूचे वेष्टन आणि दोन्ही इम्प्लांट काढायची, व्रण मऊ होईपर्यंत थांबायचे, मग यंत्र, मग चरबी. आकार पहिल्याइतका मोठा होणार नाही, हे त्यांनी त्याच बैठकीत सांगून टाकले.

निर्णयाला मी वेळ घेतला. यात काही महिने आरशात जवळजवळ सपाट आणि सैल दिसण्याचे होते, दोन भूल होत्या आणि खर्च होता. विमा कंपनीने पहिल्या पत्रात सगळेच ‘सौंदर्यासाठी’ म्हणून नाकारले. त्यावर डॉक्टरांकडून वेष्टनाची बेकर श्रेणी, होणारा त्रास आणि एमआरआयचा निष्कर्ष असलेले वेगळे पत्र घेऊन मी फेरविचाराचा अर्ज केला. अखेर डाव्या बाजूच्या वेष्टनाचा खर्च अंशतः मंजूर झाला. उजवी बाजू, यंत्र आणि चरबीची शस्त्रक्रिया पूर्णपणे स्वतःच्या खिशातून. अंदाजपत्रक मागताना सर्जन, भूलतज्ज्ञ, शस्त्रक्रियागृह, पॅथॉलॉजी आणि नंतरचे कपडे या बाबी वेगवेगळ्या लिहून घ्याव्यात, कारण विमा कंपनी एकत्रित आकड्यातले काहीच मान्य करत नाही.

मार्च २०२३ मध्ये इम्प्लांट काढली. संमतीपत्र आदल्या दिवशी घरी मागून घेतले होते, ते फार बरे झाले; शस्त्रक्रियेच्या सकाळी एवढा मजकूर कोणाच्याही डोक्यात शिरत नाही. काढलेली इम्प्लांट पाहायची आहेत असे मी लिहून दिले होते. नंतर सिस्टरांनी पारदर्शक डबा आणून दाखवला: उजवीकडचे स्वच्छ आणि पाण्यासारखे, डावीकडचे किंचित पिवळट, आणि शेजारी वेष्टनाचा पांढरट, अंड्याच्या आतल्या पापुद्र्यापेक्षा बराच जाड आणि एका कडेला खरखरणारा तुकडा. तो पॅथॉलॉजीला गेला आणि अहवालात काही वावगे आढळले नाही. दोन्ही बाजूंना ड्रेनच्या नळ्या होत्या. रोज किती मिली पाणी आले ते वेळेसह लिहून ठेवायचे असते, आणि ते पुरेसे कमी झाल्यावरच नळी निघते. अंगावर येणारे दुखणे फारसे नव्हते. टाके सुटल्यावर पट्टीशिवाय स्वतःकडे पाहणे मात्र जड गेले. त्या काळात बहिणीने माझे फोटो काढले, दर महिन्याला, एकाच भिंतीसमोर आणि एकाच उजेडात. नको वाटत असतानाही ते काढून ठेवावेत; पुढे डॉक्टरांना आणि स्वतःलाही त्यांचाच आधार होतो.

सप्टेंबरमध्ये पुन्हा सोनोग्राफी झाली. रिकामा खण पूर्ण मिटला आहे आणि आत पाणी साचलेले नाही, याची खात्री यंत्र लावण्याआधी हवी होती. चरबी टोचल्यावर मॅमोग्राममध्ये, म्हणजे स्तनांच्या एक्स-रेमध्ये, कॅल्शियमचे ठिपके दिसू शकतात, म्हणून तुलनेसाठी मॅमोग्रामही आधीच काढून ठेवला. यंत्र सुरू करण्याच्या भेटीत सर्जन बाईंनी पुन्हा सगळे विचारून घेतले: न तपासलेली गाठ, त्वचेवर जखम किंवा संसर्ग, गरोदरपण, स्तनपान, रक्त पातळ करणारी औषधे, घराण्यातला स्तनांचा कर्करोग, धूम्रपान. यातले काहीही असेल तर प्रकरण तिथेच थांबते.

घुमटाचे माप घेताना सर्जन बाईंनी मोठा वेळ घालवला. घुमट स्तनापेक्षा मोठा हवा, त्याची कड बरगड्यांवर सपाट टेकायला हवी आणि कुठेही जुन्या टाक्यांच्या व्रणावर यायला नको. माझा व्रण स्तनाखालच्या घडीत असल्यामुळे एक माप मोठे घ्यावे लागले. यंत्र उघडल्यावर परत घेतले जात नाही, म्हणून माप ठरेपर्यंत पैसे भरू नयेत. दाब सुमारे २० मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास ठेवायचा होता. रक्तदाब मोजताना दंडावरचा पट्टा १२० च्याही वर फुगवतात हे आठवले की हा दाब किती हलका आहे ते कळते. परिणाम दाबाच्या जोराने नव्हे, तर तासांच्या संख्येने साधायचा असतो. हाताच्या पंपाने पाच मिनिटांत करकचून ओढणारीला निळे डाग तेवढे मिळतात.

पहिल्या रात्री झोप अशी आलीच नाही. घुमट घट्ट विणीच्या ब्रामध्ये धरून ठेवलेले असतात, पंप कमरेच्या पिशवीत असतो, आणि सतत पाठीवर झोपावे लागते. जरा कूस बदलली की खालच्या बाजूची कड उचलली जाऊन ‘सस्स’ असा बारीक आवाज येतो, दाब सुटतो आणि पंप घुरघुरू लागतो. दोन्ही बाजूंना उशा रचून आणि गुडघ्यांखाली एक घेऊन हळूहळू जमले. कड नीट बसण्यासाठी त्वचा पूर्ण कोरडी लागते; तेल, लोशन, पावडर यांतले काहीही लावले की जेल घसरते. संध्याकाळी सौम्य साबणाने अंघोळ करायची, टॉवेलने टिपायचे, पंख्याखाली दहा-पंधरा मिनिटे बसायचे आणि मगच घुमट चढवायचे, असा नेम ठेवला. सकाळी काढल्यावर कडही रोज धुवायची. तिच्यावर घाम आणि मृत त्वचा साचते, आणि पुरळ येते ते बहुधा तिच्यामुळेच.

सकाळचे दृश्य पहिल्या काही दिवसांत घाबरवणारे असते. स्तनांभोवती लालसर, खोल उमटलेले वर्तुळ, त्याच्या आत फुगलेली, चकचकीत त्वचा, आणि बोटाने दाबले तर खळी पडून तशीच राहते. ती खळी म्हणजे पाणी. दुपारपर्यंत वर्तुळ फिकट होई आणि फुगवटाही उतरे. दहा तास घातलेले सगळे दुपारी वाहून गेल्यासारखे वाटे आणि चिडचिड होई. पण आठवडे सरत गेले तशी सकाळ आणि दुपार यांतली तफावत कमी होत गेली, त्वचा छातीवर सैल हलू लागली, आणि व्रणाजवळ जिथे ती बरगडीला चिकटली होती तिथे चिमटीत येऊ लागली. डॉक्टरांना हवे होते ते हेच. आकाराकडे त्यांनी फारसे पाहिलेही नाही.

केव्हा थांबायचे याचे नियम त्यांनी लेखी दिले होते आणि ते मी आरशाच्या कडेला चिकटवले होते. फोड आला, त्वचा जांभळी किंवा पांढरीफटक झाली, एकाच बाजूला वेदना वाढली, ताप आला, किंवा काढल्यानंतर एक बाजू दुसरीपेक्षा स्पष्टपणे जास्त सुजलेली राहिली, तर यंत्र बंद आणि त्याच दिवशी फोन. उजवीकडे काखेच्या बाजूला एकदा बारीक फोड आला, तेव्हा जखम भरेपर्यंत यंत्र थांबले आणि शस्त्रक्रियेची तारीख पुढे गेली. त्याचे वाईट वाटले, पण सोललेल्या त्वचेवर पुन्हा ओढ लावून संसर्ग घेऊन जाण्यापेक्षा ते परवडले. ज्यांना नोकरीतून सुट्टी मिळवायची असते त्यांनी तारीख सांगताना थोडी सैल जागा ठेवावी.

शेवटच्या दिवसांत तास वाढवायचे होते आणि यंत्र रुग्णालयात पोहोचेपर्यंत अंगावर ठेवायचे होते, कारण ऊती ताणलेली असतानाच चरबी सोडली जायला हवी. नोव्हेंबर २०२३ मधली ती शस्त्रक्रिया मार्चमधल्या शस्त्रक्रियेपेक्षा सोपी गेली. दुखले ते मांड्यांना. स्तनांवर सुईच्या टोचण्यांएवढ्या खुणा होत्या. मांड्यांवर दाबाचे कपडे आणि स्तनांवर कसलाच दाब नाही, असा उलटा नियम पाळायचा असतो, त्यामुळे नेहमीची ब्रा बराच काळ कपाटात राहिली. काही दिवसांनी यंत्र पुन्हा, पण अगदी हलक्या दाबावर, थोडे आठवडे लावायला सांगितले. चरबीवर बाहेरून दाब पडू नये म्हणून ते आता छपरासारखे होते. वजन स्थिर ठेवायचे होते, कारण टोचलेली चरबी शरीरातल्या इतर चरबीप्रमाणेच वजनासोबत वाढते आणि कमी होते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये उजवीकडे वाटाण्याएवढी कडक गाठ हाताला लागली. अशी गाठ बहुधा तेलाची असते हे मला सांगून ठेवले होते, तरी सोनोग्राफीचा अहवाल हाती येईपर्यंतचे दिवस अवघड गेले. ती तेलाचीच निघाली आणि तशीच ठेवली आहे. ‘चरबी टोचली आहे म्हणजे असेल काहीतरी’ असे म्हणून गाठ कोणीही घरच्या घरी निकालात काढू नये. ती नवी असेल तर तपासलीच जावी.

वर्षभराने, म्हणजे २०२४ च्या अखेरीस, टोचलेल्यापैकी साधारण दोन-तृतीयांश चरबी टिकली असावी असा डॉक्टरांचा अंदाज होता. इम्प्लांट असतानाच्या मापापेक्षा माझे माप आता एकाने कमी आहे. डावी बाजू उजवीपेक्षा किंचित लहान आहे, पण ती मऊ आहे, आणि पालथे झोपता येते. आणखी एकदा चरबी टोचून फरक भरून काढता येईल असे त्यांनी सांगितले. सध्या तरी मला ते नको आहे.

यंत्र माळ्यावर आहे. एका ओळखीच्या बाईंनी ते मागितले होते. त्यांची इम्प्लांट आत आहेत आणि शस्त्रक्रियेला जेमतेम वर्ष झाले आहे. मी ते दिले नाही, कारण जेलची कड एकीच्या त्वचेसाठी असते आणि घुमटाचे मापही मोजून घेतलेले असते. त्याऐवजी रेकॉर्ड रूमला द्यायच्या अर्जाचा नमुना त्यांना लिहून दिला. मॅमोग्रामच्या अर्जावर ‘स्तनात इम्प्लांट आहे का’ हा रकाना असतो. तिथे मी आता ‘नाही, २०२३ मध्ये काढले’ असे लिहिते आणि खाली चरबी टोचल्याची तारीख घालते. अहवाल वाचणाऱ्याला जुने ठिपके नवे वाटू नयेत म्हणून आधीच्या मॅमोग्रामची प्रतही सोबत नेते.